दोघातिघांची साक्ष

"इतकी वर्षं तिथं राहिलातच कशा?" ज्या फेलोशिपच्या, म्हणजे स्वतंत्र ख्रिस्ती प्रार्थनामंडळाच्या, पास्टरवर मी तक्रार केली तिच्याबद्दल हे मला पोलिसांनी विचारलं, वकीलबाईंनी विचारलं, सख्ख्या भावानं तर रागानं विचारलं. खरं उत्तर कुणालाच आवडत नाही. मला तिथं बरं वाटत होतं.

मी नगर जिल्ह्यातली. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचा. रविवारी उपासना, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं, नाताळात घरोघरी कॅरल, आणि वर्षभर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जागेवरून चाललेल्या कोर्टकचेऱ्या. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, यायचे, बदलून जायचे. कुणाच्या घरात काय चाललंय याची विचारपूस करायची पद्धत आमच्याकडे फारशी नव्हतीच. नर्सिंग पूर्ण करून २०१५ मध्ये मी पिंपरी-चिंचवडला नोकरीला लागले, तेव्हा मैत्रिणीनं मला एका फेलोशिपला नेलं. दुकानांच्या वर हॉल, खाली लाल गालिचा, कीबोर्ड, ड्रम, आणि डोळे मिटून रडणारी माणसं. दुसऱ्याच महिन्यात मला डेंग्यू झाला. रूमवर रोज कुणीतरी डबा घेऊन यायचं, उशाशी बसून प्रार्थना करायचं. एका बहिणीनं माझे कपडेही धुतले. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला आणखी काय हवं असतं?

पास्टरांना सगळे 'डॅडी' म्हणायचे, त्यांच्या बायकोला 'मम्मी'. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली.

पुढचं सगळं इतक्या हळू झालं की अमुक दिवशी दार बंद झालं असं मला सांगता येत नाही. आधी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला. तो हातात येणाऱ्या पगारावर नाही, स्लिपवर लिहिलेल्या पगारावर. पीएफ कापून घेतं ते सरकार, देव नव्हे. मग ड्यूटीचा तक्ता दाखवायचा, म्हणजे कुठल्या सभेला येणार ते लीडरना कळेल. मग नगरला जायचं तर विचारून, कारण 'तुमची ती मंडळी मेलेली आहे'. मग लग्नाचं स्थळ डॅडी सांगतील ते. या सगळ्याला नाव होतं आच्छादन. देव डॅडींच्या वर, डॅडी आमच्या वर, आणि त्या छत्रीबाहेर पाऊल टाकलं की सैतान टपलेलाच. ही शिकवण डॅडींच्या डोक्यातून आलेली नव्हती, हे मला बाहेर पडल्यावर वाचून कळलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, पाच प्रसिद्ध प्रचारकांनी ती पसरवली. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या डोक्यावर एक माणूस, आणि नोकरीपासून लग्नापर्यंत सगळं त्याच्या परवानगीनं. माणसं मोडली, घरं फुटली. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी नंतर जाहीर माफीही मागितली. माफी आमच्यापर्यंत पोचली नाही, शिकवण मात्र बरोब्बर पोचली.

आणि वह्या. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळत नाही. प्रत्येक मुलीकडे दोनशेपानी वही. आठवड्याभरात मनात काय आलं, कुणाचा राग आला, स्वप्नात काय दिसलं, कुठल्या डॉक्टरशी हसून बोललीस, सगळं लिहायचं आणि शनिवारी संध्याकाळी लीडर ताईंकडे द्यायचं. सोमवारी वही परत यायची, तांबड्या पेनानं खुणा केलेली. एकदा मी लिहिलं होतं की आईचा फोन आला की मला घरी पळून जावंसं वाटतं. त्या रविवारी उपदेशात डॅडी म्हणाले, "इथं एक बहीण बसली आहे, तिचं नाव मी घेत नाही, तिची नाळ अजून आईला जोडलेली आहे. ती तोडावी लागेल." दीडशे माणसांत आमच्या रूमवरच्या सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला लाज वाटली. वहीतलं बाहेर गेलं याची नाही, माझी नाळ तुटली नाही याची. पुढे एका समुपदेशकाकडे जायला लागले तेव्हा त्यांनी रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाचं काम समजावून सांगितलं. कम्युनिस्ट चीनच्या तुरुंगांतून सुटून आलेल्यांशी तो हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकात बोलला होता आणि माणसाचं मन बदलण्याच्या ज्या आठ खुणा त्यानं मांडल्या, त्यांत सततचा कबुलीजबाब ही एक आहे. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे तांबडं पेन येत होतं.

ज्या प्रसंगानं माझ्या मनात पहिली फट पडली तो माझ्यावरचा नव्हताच. सभेत एक बाई यायच्या, त्यांच्या मुलाला फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या, फिट आटोक्यात होत्या. एका साक्षीच्या सभेत त्यांच्याकडून सगळ्यांसमोर गोळ्यांचं पाकीट वेदीवर ठेवून घेतलं. फिटची गोळी अशी एकदम बंद केली तर काय होतं हे पहिल्या वर्षाची नर्सही सांगेल. पुढच्या उपवास-प्रार्थनेत पोराला फिट आली. चौघांनी हातपाय दाबून धरले, एक जण छातीवर थापा मारत 'निघ, निघ' ओरडत होता. मी पुढे घुसले, पोराला कुशीवर वळवलं, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि रिक्षा बोलवा म्हणून ओरडले. पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं आणि डॅडी म्हणाले, "तुझ्यातली नर्स मेली पाहिजे."

त्यानंतर माझ्यासाठी 'सुटकेची प्रार्थना', म्हणजे अंगातला सैतान काढायची प्रार्थना, सुरू झाली. आठवड्यातून एकदा, ऑफिसात, दार लावून. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं जे झालं ते मी पोलिसांच्या जबाबात सांगितलं आहे, दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं आहे. इथं ते पुन्हा लिहिणार नाही. इतकंच सांगते की त्यांचा एक हात माझ्या डोक्यावर होता आणि तोंडानं प्रार्थना चालूच होती.

मी आधी मम्मींना सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, पाणी दिलं आणि नोहाची गोष्ट सांगितली. नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला; हाम या मुलानं ते बाहेर सांगितलं आणि त्याच्या वंशाला शाप लागला; बाकीच्या दोघांनी तोंड फिरवून बापाला झाकलं, ते आशीर्वादित झाले. "तू कोण होणार ते ठरव, बेटा." मग वडिलांच्या, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांच्या, सभेपुढे गेले. मंडळीतले वडील, म्हणजे डॅडींचा मेहुणा आणि दोन व्यापारी. ते म्हणाले, बायबलातल्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी त्याच्याकडे एकट्यानं जायचं असतं, एकांतात. ज्या माणसानं एकांतात हे केलं त्याच्याकडे पुन्हा एकांतात जा! मी नाही म्हटल्यावर तीमथ्याचं पत्र काढलं: वडिलावरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घ्यायचा नाही. साक्षीदार आहेत का? शेवटी स्तोत्रातलं ते वाक्य, जे आमच्या हॉलच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं: माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवानं नेमलेल्यांना, हात लावू नका. रविवारी व्यासपीठावरून ईजबेलच्या, म्हणजे बायबलातल्या दुष्ट राणीच्या, आत्म्यावर उपदेश झाला. सोमवारी मी व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर होते. रूम फेलोशिपच्या बहिणींबरोबरची, त्यामुळे आठवड्याच्या आत तीही गेली. जिनं माझे कपडे धुतले होते, तिनंच माझी बॅग जिन्यात आणून ठेवली.

नगरला आत्याकडे गेले. आत्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली, बायबल तोंडपाठ. तिनं रडूही दिलं नाही धड. चष्मा लावला आणि म्हणाली, "पहिलं शमुवेल काढ. दुसरा अध्याय. एलीच्या पोरांचं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." मी वाचलं. याजकाची पोरं, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कसं वागायची ते तिथं स्पष्ट लिहिलंय. ते लोकांनी एलीला येऊन सांगितलं हेही लिहिलंय. "बघ, लोकं बोलली म्हणून तर शास्त्रात आलं. झाकलं असतं तर आलं असतं का?" मग यहेज्केल चौतीस, स्वतःच चरणारे मेंढपाळ. मग तीमथ्य, आणि वडिलांच्या सभेनं जिथं बोट ठेवून पुस्तक मिटलं होतं त्याच्या लगेच पुढची ओळ: पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दे. इतकी वर्षं मी दररोज बायबल वाचत होते. ती ओळ वाचली असणारच. दिसली नव्हती.

आत्याचं दैवत पंडिता रमाबाई. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच, इंग्लंडमध्ये, ज्या सिस्टरबाईंच्या आधारानं त्या राहत होत्या त्यांनाच रमाबाईंनी कळवलं होतं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही. मराठी ख्रिस्ती घरांत आम्ही त्यांचा फोटो लावतो, मुक्ती मिशन पाहायला केडगावला सहली काढतो, त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर मिरवतो. हे पत्र मात्र मला कुठल्या संडेस्कूलमध्ये शिकवल्याचं आठवत नाही.

बोलायचं ठरवणं आणि बोलणं यात माझी तीन वर्षं गेली. नोकरी बदलली, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, बंद झाल्या, गाणी ऐकली की छातीत धडधडायचं. २०२४ मध्ये एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'ताई, तुम्हालाही सुटकेच्या प्रार्थनेला बोलवायचे का?' माझ्यानंतर दोन वर्षांनी तिथं आलेली मुलगी. मी तिला पहिल्यांदा एकच विचारलं, तू आता सुरक्षित ठिकाणी आहेस का. बाकी काही विचारलं नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते, कारण मला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या, फुकट. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन दारं बंद असल्याचं सांगितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मंडळीत बिनपगारी सेवा करणाऱ्या बाईलाही लागू होतो, पण तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. ते गेलं. भारतीय दंड संहितेचं ३५४-अ, लैंगिक छळ, त्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, म्हणून दखल घ्यायची मुदतही तीन वर्षं. तेही गेलं. पण कलम ३५४, विनयभंग, त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते, आणि अशा गुन्ह्याला ती मुदत लागत नाही. "उशीर का झाला हे विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. पण उशीर झाला म्हणून केस मेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका." १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले होते, तरी घटना आधीची असल्यानं गुन्हा जुन्याच संहितेखाली, आणि पुढची प्रक्रिया मात्र नव्या कायद्यानं.

मेसेज आणि ऑडिओ असलेला जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रती कोर्टात पुरत नाहीत, सोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ यंत्र मागितलं जाऊ शकतं. दुसरं, फेलोशिप ही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली होती, म्हणजे १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असणार. तिथं अर्ज करून परिशिष्ट एकची, म्हणजे न्यासाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढली. विश्वस्तांची नावं वाचून मला हसूच आलं: डॅडी, मम्मी, मेहुणा, मेहुण्याची बायको. मी ज्यांच्यापुढे न्याय मागायला उभी होते ती 'वडिलांची सभा' कागदावर नव्हतीच. होतं ते एक कुटुंब.

पोलीस ठाण्यात महिला अधिकाऱ्यांनी जबाब घेतला, नीट घेतला. त्याआधी बाकावर बसलो असताना एक भलताच प्रकार झाला. आमची खबर कुणी दिली माहीत नाही, पण गळ्यात भगवे गमछे घातलेले दोघे-तिघे आले आणि फार अदबीनं म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त धर्मांतराची तक्रार द्या. बाकी सगळं आम्ही बघतो." मी म्हटलं, माझं धर्मांतर कुणी करणार? मी चार पिढ्यांची ख्रिस्ती आहे. "मग आमिष दाखवलं म्हणा." मला त्या क्षणी डॅडींच्या ऑफिसाची आठवण झाली, तिथंही माझ्या तोंडात दुसऱ्याचेच शब्द घालत होते. मी नाही म्हटलं. ते गेले, जाताना अदब तेवढी मागे राहिली नाही.

दुसऱ्या बाजूनं आमचेच लोक. नगरच्या मंडळीतले, ज्यांनी डॅडींना कधी पाहिलंही नव्हतं, ते आईला म्हणाले, प्रार्थनासभांवर हल्ले होतायत, अशा दिवसांत पोरीनं त्यांच्या हातात कोलीत दिलं. हल्ले होतायत हे खोटं नाही. पण कोलीत मी दिलं का? मुंबईत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या, न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात एका कॅथलिक फादरला जन्मठेप दिली ती २०१५ च्या गुन्ह्यासाठी. त्या मुलाच्या घरच्यांना सहा वर्षं काय काय ऐकावं लागलं असेल! केरळातल्या नन्स २०१८ मध्ये कोचीत रस्त्यावर धरण्याला बसल्या, बिशपला अटक झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. पंजाबात चमत्कारांसाठी नावाजलेल्या एका पास्टरला २०१८ च्या बलात्काराच्या प्रकरणात मोहालीच्या न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप सुनावली. निकाल कुठेही लागो, प्रत्येक ठिकाणी आधी बाईला किंवा पोराला मंडळीच्या अब्रूचा हिशोब मागितला गेलाय. मी आईला म्हटलं, अब्रू माझी नाही का मंडळीत धरलेली?

गुन्हा दाखल झाल्यावर डॅडींच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली, रकमेत किती शून्यं आहेत ते मोजायला मला बोट लावावं लागलं. वकीलबाईंनी दोन पानी उत्तर धाडलं: अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेनं केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. पुढे पत्र आलं नाही. अटकपूर्व जामीन मात्र त्यांना मिळाला. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्यांची पन्नासेक माणसं बायबलं घेऊन उभी होती आणि गात होती. गाणं मला पाठ होतं.

नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कलम १८३ खालचा जबाब दंडाधिकारीबाईंसमोर झाला. खोलीत पोलीस नव्हते. त्यांनी मला विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलताय का? मी नाही म्हटलं, आणि बोलत गेले. बाईंनी मध्ये एकदाच थांबवलं, पाणी हवंय का विचारायला.

त्या फिट येणाऱ्या मुलाची आई मला परत भेटली ती अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका कार्यकर्त्यामुळे. जादूटोणाविरोधी कायदा डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. कायद्याला कुठला धर्म ते विचारायचं नसतं. कार्यकर्ते पक्के नास्तिक. बाई त्यांना म्हणाल्या, "मी प्रभूला सोडणार नाही हं, आधीच सांगते." ते म्हणाले, "सोडू नका, गोळी सोडू नका म्हणजे झालं." मुलगा आता आयटीआयला आहे. बाईंनी स्वतंत्र जबाब दिला. मेसेज करणाऱ्या मुलीनंही दिला.

आरोपपत्र दाखल झालंय. तारखा पडतायत, एकदा आरोपीचे वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर. फेलोशिप चालू आहे, पूर्वीपेक्षा लहान हॉलमध्ये. मी रविवारी कधी आत्याबरोबर जुन्या चर्चमध्ये जाते, कधी ड्यूटी घेते. नव्या पाळकसाहेबांनी एकदा, सगळ्यांसमोर नाही, दाराशी, विचारलं, तारीख कधी आहे, सोबत येऊ का. मी हो म्हटलं.

पुढच्या तारखेला आम्ही तिघी जाणार आहोत. चौथी अजून ठरवतेय. तिचा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन मी करत नाही. तिला वाटेल तेव्हा ती करेल.